सोंग उतरेपर्यंत

मयूरच्या बापाने पडद्यावर पहिला फटका मारला तेव्हा मयूरच्या तोंडात पॉपकॉर्न होतं, आणि ते त्याने शांतपणे चावून गिळलंसुद्धा. बाप आहे हे कळायला तेवढा वेळ गेला. आधी दिसला होता तो नुसता एक मुकादम. पांढरा शर्ट खोचलेला, डोक्यावर टोपी, हातात ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा. कॅमेरा त्याच्या पाठीमागून द्राक्षाच्या दोन ओळींमधून चालत होता आणि मयूर सवयीने मनातल्या मनात मार्क देत होता. चाल बरी आहे, दहापैकी सहा. मग त्या चालीतला डावा पाय जरासा बाहेर पडतोय हे त्याच्या ध्यानात आलं. माणूस वळला. दाढी गुळगुळीत, मिशीला कलप, पण नाक तेच, आणि नाकाशेजारचं चामखीळही तेच. पुंजा. सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर भात आणि नागली करणारा, बैलालासुद्धा 'चल बाबा' म्हणणारा पुंजा. त्याने समोर उकिडवं बसलेल्या तरुण मजुराच्या पाठीवर नळी ओढली. ढिशुम नाही, धडाम नाही. धुण्याच्या दगडावर ओलं फडकं आपटावं तसा आवाज झाला. शेजारी बसलेला आवेज पुटपुटला, "अबे, कोण आहे हा बुड्ढा? काय मारतोय भाई!"

खरं तर दोघे आले होते दुसऱ्याच सिनेमाला. अंबडच्या एकाच कारखान्यात दोघे प्रेस मशीनवर, आणि सुट्टीच्या दुपारी सिनेमा हा दोघांचा कुळाचार. पण या आठवड्याचा कुऱ्हाडवाला हिरो हाऊसफुल्ल होता, आणि खिडकीवरच्या मुलीने "स्क्रीन चार रिकामाच आहे, मराठी, अवॉर्डवाला," असं जांभई देत सांगितलं होतं. अवॉर्डवाल्या सिनेमांबद्दल मयूरचं मत ठाम होतं. त्यात एक माणूस खिडकीशी उभा राहतो आणि दिग्दर्शक चहाला जातो. चहा पिऊन येतो तरी माणूस उभाच. मग बैल रवंथ करतो. मग सिनेमा संपतो आणि चष्मेवाले लोक हळू आवाजात बोलत बाहेर पडतात. अॅक्शनबद्दल मात्र तो बोलायला लागला की कारखान्यात डब्याच्या सुट्टीत माणसं घास हातात धरून ऐकत. हल्लीच्या हिरोंना दाढी फार, कारण फार कमी, असं तो म्हणे. पूर्वी बहिणीची अब्रू, आईचं मंगळसूत्र असलं काहीतरी लागायचं, आता नुसतं म्युझिक सुरू झालं की माणसं कापायची. रक्त उडून कॅमेऱ्याच्या काचेवर येतं हे त्याला आवडत नसे. आपण पडद्याच्या बाहेर आहोत हे आठवतं, म्हणे. पण हे सगळं किरकोळ. त्याचा खरा नियम एकच होता. पहिला फटका हिरोने खाल्ला पाहिजे. दणकून खाल्ला पाहिजे, खाली पडला पाहिजे, आणि मग ओठाचं रक्त अंगठ्याने पुसून, ते बघून हसला पाहिजे. "तिकिटाचे पैसे मी त्या हसण्याचे देतो," असं तो सांगे. हा नियम आला कुठून, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पडद्यावर फटक्यासरशी पुंजाच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा निसटला. तो थांबला. त्याने घड्याळ काढलं, काचेवर फुंकर मारली आणि ते मार खाणाऱ्याच्याच हातात दिलं. "धर," तो म्हणाला, "पडलं तर बघ." आणि परत नळी उचलली. पुढच्या रांगेतल्या बाईने श्वास आत ओढला. मयूरच्या कानात मशीनसारखं काहीतरी घोंघावायला लागलं, कारण हे कुठल्याही दिग्दर्शकाला सुचणं शक्य नव्हतं. हे त्याने बघितलं होतं. निफाडकडच्या एका मळ्यात, छाटणीच्या दिवसांत, पाड्यावरची निम्मी घरं प्लास्टिकच्या कागदाखाली राहायला आलेली, आणि तो दुसरीत, म्हणजे असायला हवा होता, शाळा पाड्यावरच राहिली होती. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. मुकादम होता केरू. केरूला मालकापुढे उभा करायला कुणीतरी हवा होता आणि पुंजा सगळ्यात जवळ उभा होता, यापलीकडे त्याचा काही गुन्हा नव्हता. केरूने पहिला फटका मारला, पट्टा निसटला, केरूने घड्याळ काढून फुंकर मारली, पुंजाच्या हातात दिलं. धर. पडलं तर बघ. आणि बापाने ते धरलं. पाठीवर, खांद्यावर, कानावर नळी बसत होती आणि बापाने दोन्ही हात डोक्याच्या वर, लांब धरले होते, म्हणजे घड्याळाला लागू नये. हात मोकळे असते तर निदान तोंडावर तरी घेतले असते. कान फाटून रक्त मानेवरून शर्टात गेलं. बाकीची माणसं द्राक्षाच्या काड्यांकडे बघत उभी राहिली, जणू त्या काड्यांवर काही लिहिलेलं होतं. शेवटी केरू दमला. त्याने घड्याळ घेतलं, कानाला लावून चालू आहे ना ते ऐकलं आणि म्हणाला, जा, कामाला लाग. केबल पुढे सापडली. कुठे, ते कुणी बोललं नाही. संध्याकाळी झोपडीत भाकरी खाताना बापाने पोराकडे बघितलं आणि तो हसला. काही झालं नाही रे, असं ते हसू होतं. मयूरने तो मार कधीचाच माफ केला होता. ते हसू त्याला आजतागायत माफ करता आलेलं नव्हतं.

आता पडद्यावर तोच मार, त्याच क्रमाने, नळीच्या त्याच आवाजाने पडत होता, फक्त केरूच्या जागी बाप होता. पाठ, खांदा, मग कान. कॅमेरा हलत नव्हता. अॅक्शनच्या सिनेमात एका फटक्याचे चार तुकडे करतात, मूठ वेगळी, जबडा वेगळा, पडणारा वेगळा, आणि आपण कधी कुणाला मारताना पुरतं बघतच नाही, हे मयूरला आत्ता, या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं. इथे सगळं एकाच चौकटीत होतं. त्याने बापाच्या तोंडाकडे बघितलं. राग शोधला, तो नव्हता. लाज शोधली, तीही नव्हती. उपाशी माणूस पहिला भात कालवताना जसा दिसतो तसं ते तोंड होतं. बापाला इतकं सगळं आठवत होतं. वीस-बावीस वर्षं एक शब्द न बोलता त्याने एकेक फटका जपून ठेवला होता, आणि मयूर समजत होता की हा माणूस विसरला, याला लागलंच नाही, याच्या अंगात रक्ताच्या जागी ताक आहे. मयूर नळी धरलेल्या त्या हातांकडे बघत राहिला. हेच हात त्याच्या लेकीला लागले नव्हते.

बारशाला पुंजा आला होता, नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन, एकटा. खोलीच्या दारात उभा राहिला आणि पिशवी खाली ठेवून त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मयूरच्या बायकोने, संध्याने चिऊला पुढे केलं. "घ्या ना बाबा," ती म्हणाली. तो एक पाऊल मागे सरकला. संध्याची आई भिंतीला सांगितल्यासारखं बोलली, "मुलगी झाली ना." मयूर जिन्यापर्यंत बापाच्या मागे धावला होता. "पोरगी हाय म्हणून हात लावत नाहीस का तू?" तेव्हा पुंजा म्हणाला, "हात बरं नाय माझं," आणि दुपारच्या एसटीने परत गेला. संध्या त्यानंतर किती दिवस चिऊला आंघोळ घालताना मध्येच थांबून रडायची. मयूरने फोनवर बापाला सांगून टाकलं की परत इथं पाऊल टाकू नको. फोन आईने, अक्काबाईने घेतला. "त्याचं सोंग उतरलं नाय रं अजून," ती म्हणाली, "शूटिंगवालं निघून गेलं तसंच." शूटिंगवाले पाड्यावरून माणसं घेऊन निफाडला गेले होते हे मयूरला माहीत होतं. बाप गर्दीत उभा राहिला असेल, सामान वाहिलं असेल, असं त्याने धरलं होतं. म्हातारीलाही आता भ्रम झाला, असं म्हणून त्याने फोन कापला होता. पाड्यावरच्या बोहाड्याच्या उत्सवात बाप दरवर्षी राक्षसाचं सोंग घ्यायचा, मोठा लाकडी मुखवटा चढवून पहाटेपर्यंत नाचायचा, आणि लहानपणी मयूरला वर्षातला तेवढाच दिवस बापाचा अभिमान वाटायचा. त्यांच्या पाड्याची रीत होती. राक्षसाने नाचताना ज्याला मारलं, त्यानेच शेवटी राक्षसाच्या गालावर हलकी चापट द्यायची आणि मुखवटा काढून घ्यायचा. ते होईपर्यंत सोंग घेतलेल्या माणसाने भाकरीला, गाईला, लेकराला हात लावायचा नाही. मारणं मुखवट्यातून हातात उतरलेलं असतं, म्हणत. सिनेमावाल्यांना हे कोण सांगणार? त्यांनी कट म्हटलं, टाळ्या वाजवल्या, गाड्या भरल्या आणि गेले.

मार संपला. पडद्यावरच्या पुंजाने घड्याळ परत घेतलं, कानाला लावलं. आवेज खुर्चीत मागे रेलला. "टॉप," तो म्हणाला. "कुऱ्हाडवाल्याच्या तोंडात मारलं या बुड्ढ्याने. पण तो मार खाणारा बघ ना, येडा साला! घड्याळ सांभाळत बसलाय. मी असतो ना, तेच घड्याळ त्याच्या थोबाडावर फोडलं असतं." या वाक्यातला शब्द न् शब्द मयूरचा होता. हजारदा मनात, आणि मिसरूड फुटल्यावर एकदा बापाच्या तोंडावर त्याने ते म्हटलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि त्याचा हात आपोआप आवेजच्या गळ्याशी गेला. त्याने कॉलर पिळली, बटण तुटून कुठेतरी खाली टिकटिकत गेलं, आणि दुसरी मूठ वर उचलली गेली. जबड्याचा तो कोपरा, जिथे मारलं की माणूस मऊ होतो, तो त्याला अंधारातही स्वच्छ दिसत होता. "अरे, सिनेमा आहे यार!" आवेज घुसमटत म्हणाला. मागून कुणीतरी मोबाईलचा उजेड टाकला. मयूरने मूठ सोडली. तो माणसांच्या गुडघ्यांवरून धडपडत बाहेर आला.

बाहेर कुऱ्हाडवाल्या हिरोचा मोठा पुतळा उभा होता आणि एक बाई आपल्या नवऱ्याच्या मानेवर फोमची कुऱ्हाड टेकवून फोटो काढून घेत होती. नवरा जीभ बाहेर काढून मेल्याचं तोंड करत होता. मयूर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आवेज आला, कॉलर सारखी करत. भांडायला आला होता, पण मयूरचं तोंड बघून थांबला. "कोण होता तो?" त्याने विचारलं.

"बाप माझा."

आवेज त्याच्या शेजारी भिंतीला टेकला. "कुठला? मारणारा की मार खाणारा?"

"दोन्ही," मयूर म्हणाला.

रात्री त्याने संध्याला सगळं सांगितलं, उद्या पाड्यावर जातो म्हणाला, तेव्हा ती आधी चिडली. "म्हणजे तुझ्या आईने सांगितलं होतं आणि तू फोन कापलास? आणि मी इथे रोज रडत होते?" तिने त्याच्याकडे पाठ केली. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "उद्या मी पण येते. माझी पोरगी आहे." सकाळी एसटीने ते दिंडोरी, वणी करत सुरगाण्याला गेले आणि तिथून जीपने पाड्याकडे. जीपमध्ये मांडीला मांडी लागलेली, आणि ड्रायव्हरच्या समोर चिकटवलेल्या छोट्या पडद्यावर एक हिरो गुंडांना फ्लायओव्हरवरून खाली फेकत होता. गुंड पडत होते, रस्त्याच्या वळणांबरोबर जीपमधली माणसंही एकमेकांवर पडत होती. मयूरला ते बघवेना आणि नजर काढवेना. फेकलेल्या एकेका गुंडाला घर असेल, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तो स्वतःवरच वैतागला. असले विचार चष्मेवाले करतात. चिऊ त्याच्या मांडीवर झोपली होती, तिच्या तोंडाची लाळ त्याच्या मनगटावर थंड लागत होती.

पुंजा अंगणाच्या कडेला आंब्याखाली बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. तो गोठ्यात झोपत होता, पानावर वेगळा जेवत होता, हे ते जीपमधून उतरत असतानाच अक्काबाईने सांगितलं. मुखवटे सांभाळणारा म्हातारा कोंडाजीही येऊन बसला होता. "ज्यानं मार खाल्ला त्याची चापट लागते," कोंडाजी म्हणाला. "तो सिनेमातला पोरगा मुंबईला. फोन केला मी, म्हटलं एक डाव येऊन चापट देऊन जा. तर म्हणतो, काका, तुम्ही लोक कमाल आहात, आणि हसतो." मयूर बापासमोर उकिडवा बसला. पडद्यावरचा कलप कधीच उतरून मिशी पांढरी झाली होती.

"बा, तुला कुणी सांगितलं होतं ते काम करायला?"

"कुणी नाय. त्यांचा मुकादम मुंबईचा होता, त्याला मारता येईना. साहेबानं आम्हाला विचारलं, कसं मारतात? सगळे गप. मीच उठलो. म्हटलं, मी दावतो." पुंजा जमिनीकडे बघत होता. "पहिल्या डावाला हात उचलंना माझा. साहेब म्हणाला, परत. मार खाणारा पोरगा म्हणाला, खरं मारा काका, लागू द्या. मग परत मारला. मग..." तो थांबला. मग मान वर करून सरळ पोराच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "बरं वाटलं रं मला. लय बरं वाटलं. तो केरू नव्हता, कुणाचं तरी लेकरू होतं, ते दिसत होतं मला, तरी बरं वाटलं. त्या हातानं तुझी पोर कशी घेऊ?"

संध्या चिऊला खांद्यावर घेऊन मागे उभी होती. तिने ऐकलं होतं.

"तू मार," पुंजा म्हणाला. "तुझी चापट चालंल."

"मी कशाला? मी थोडाच मार खाल्लाय."

"मळ्यातला मार खाल्ला मी. लागला तुला. हाय का नाय?"

कोंडाजीने मान डोलावली. त्याच्या मते हे रीतीत बसत होतं. "नुसता हात टेकव," तो म्हणाला, "जोर नाय लागत." मयूर उठला. पुंजाही उठून उभा राहिला, हात पाठीमागे, गाल जरासा पुढे केलेला. मयूरने हात उचलला तो खरोखर टेकवण्यासाठीच. गालाची सैल कातडी, फाटून जुळलेल्या कानाची गाठ, एवढ्याला बोटं लावायची आणि लेक त्याच्या ओंजळीत द्यायची, इतकंच त्याच्या मनात होतं. तेवढ्यात पुंजाने पोराला धीर द्यावा म्हणून त्याच्याकडे बघितलं आणि तो हसला. झोपडीतलं, भाकरीवरचं, काही झालं नाही रे म्हणणारं तेच हसू.

ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला. पुंजा आंब्याच्या बुंध्यावर आदळून खाली बसला. अक्काबाई ओरडली, "मेल्या, किती जोरात!" चिऊ दचकून रडायला लागली. कोंडाजी अर्धवट उठला आणि तसाच वाकून राहिला. पुंजाच्या ओठातून रक्त आलं होतं. त्याने ते अंगठ्याने पुसलं आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्याचे खांदे खाली आले. छातीतून एक लांब श्वास सुटला, दिवसभर पाण्याचे हंडे वाहिलेला माणूस शेवटचा हंडा खाली ठेवतो तसा. "उतरलं," तो म्हणाला. बुंध्याला धरून उठला, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि चालत संध्यापुढे जाऊन त्याने दोन्ही हात पुढे केले. संध्याने त्याच्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पोर त्याच्या हातात दिली. पुंजाने तिला छातीशी घेतलं आणि तो तिला घेऊन अंगणभर फिरायला लागला, डावा पाय जरासा बाहेर टाकत, तिच्या कानात बैलाशी बोलतो तसलं काहीतरी बोलत. रडणं थांबलं. तिने त्याचं चामखीळ मुठीत धरलं. अक्काबाईने पदर डोळ्यांना लावला. संध्या रडत होती आणि हसतही होती.

मयूर आंब्याखालीच उभा होता. तळहात पेटला होता, बोटांच्या टोकांपर्यंत रक्त टकटकत होतं. आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत होता. वाईट वाटत नव्हतं. छातीत कधीपासून आवळलेलं काहीतरी सैल झालं होतं आणि हाताला अजून एकदा तोच आवाज हवा होता.

पुंजा फिरत फिरत त्याच्यापाशी आला. चिऊ बापाला बघून त्याच्याकडे झेपावत होती. "घे बाबा," पुंजा म्हणाला, "तुझ्याकडं यायचं म्हणती." त्याने तिला पुढे केलं.

मयूर एक पाऊल मागे सरकला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.